गॅरेजमधील संगणकाविषयी आपण दिलेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपला संगणक माझ्यासमोर टेबलावर उघडून ठेवलेला आहे आणि त्याच्यापाशी बसूनच मी हे उत्तर लिहीत आहे. इतर वाचकांसाठी आपली तक्रार थोडक्यात नोंदवतो. घरच्या गॅरेजमधील सुतारकामासाठी आपण फेब्रुवारीत आमच्या म्हापशाच्या दुकानातून एक डेस्कटॉप संगणक आणि एक टॅबलेट घेतला. चवथ पंधरा दिवसांवर आलेली असताना मखराची कमान अर्धी कापून झाली आणि संगणक बंद पडला. टॅबलेटची बॅटरी फुगून त्याचा पडदा वर उचलला गेला. वर्षभराची वॉरंटी असूनही आम्ही ‘आत धूळ गेली’ एवढेच सांगून आपल्याला परत पाठवले, संगणकात जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बसवून दिला असावा असा आपल्याला संशय आहे, आणि आमच्या दुकानातील मुलाने ‘हे सुतारांचे काम नव्हे’ असे आपल्याला ऐकवले.

शेवटच्या गोष्टीबद्दल आधी लिहितो. तो तसे बोलल्याचे त्याने कबूल केले आहे आणि मी आपली विनाअट क्षमा मागतो. ते बोलणे उद्धट होते आणि खोटेही होते, कारण रेखाचित्रावरून मापे काढून लहानशा सीएनसी यंत्रावर (संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावर) मखराची नक्षी कापणारा माणूस दिवसभर पत्रे टंकणाऱ्या आमच्या कित्येक ग्राहकांपेक्षा संगणकाकडून अधिक काम करून घेतो. एसएमपीएसचा संशय मात्र बरोबर नाही. त्याचा क्रमांक आपल्या बिलावर आहे, तोच त्याच्या खोक्यावर आहे, आणि आपण आलात की दोन्ही ताडून पाहू शकता. बिलावर आपले नाव व गाव असल्यामुळे त्याचे छायाचित्र मी येथे टाकत नाही.

आता धुळीविषयी. हा एक शब्द सांगून आम्ही विषय संपवला हे चुकले, कारण आपल्या संगणकात जे सापडले ती घराघरांत साचते तशी धूळ नव्हती. पंख्यावर आणि प्रोसेसरवरील धातूच्या पट्ट्यांमध्ये एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, पिठासारखा बारीक भुसा दाबून बसला होता व त्याचा नमद्यासारखा थर तयार झाला होता. पंखा फिरत होता, पण हवा पलीकडे जात नव्हती. अशा वेळी प्रोसेसर तापतो, आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान उतरले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. मे महिन्यात तो दुपारी आपोआप बंद व्हायचा आणि संध्याकाळी चालायचा, असे आपणच लिहिले आहे, त्याचे कारण हे होते. त्याच वेळी आपण आमच्याकडे आला असता तर पाव तासाच्या साफसफाईवर भागले असते. पण तसे यावे हे आपल्याला सांगणे आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नाही.

खरे नुकसान त्यानंतरचे आहे. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाचे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, काळपट बारीक कण दिसले म्हणून मी कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्यावरून फिरवले, तर ते कण त्याला चिकटून वर आले. तो लोखंडाचा कीस होता. त्याच गॅरेजमध्ये आपण फाटकाच्या बिजागऱ्यांना ग्राइंडर लावला होता, असे आपण मागे बोलला होता. लाकडाचा कोरडा भुसा वीज वाहून नेत नाही, लोखंडाचा कीस नेतो. आणि लाकडाचा भुसाही कोरडा राहिला तरच निरुपद्रवी, कारण तो हवेतील ओल शोषून धरतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आषाढ-श्रावणात चिऱ्याची भिंत हाताला गार व दमट लागते, मिठाच्या बरणीत पाणी सुटते, आणि गॅरेजला तर एका बाजूने शटरच असते, ज्याच्या फटीतून झड आत येते. अशा जागी भुसा, लोखंड आणि ओल एकत्र आली की मदरबोर्डवर अक्षरशः चिखल तयार होतो.

तरीही तो चिखल जुलैत नडला नाही आणि चवथीच्या तोंडावर नडला. याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, आपल्याच अभिप्रायातील एका वाक्यात आहे. शेताच्या कामामुळे तीन आठवडे गॅरेज बंद होते, असे आपण लिहिले आहे. चालू असलेला संगणक आतून गरम राहतो, त्यामुळे त्याच्या पेटीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा कोरडी राहते. बंद पडून राहिलेला संगणक मात्र खोलीइतकाच ओलावतो. म्हणजे पावसाळ्यात रोज वापरला जाणारा संगणक जपून झाकून ठेवलेल्या संगणकापेक्षा अधिक सुरक्षित असतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे. तीन आठवड्यांनी आपण संगणक पुन्हा कामाला लावला तेव्हा ओल्या किसातून वीज गेली आणि मदरबोर्डचा एक भाग जळाला. तेथील तांब्यावर हिरवट गंजही चढला आहे.

आपण दर आठवड्याला कंप्रेसरची हवा मारून संगणक साफ करत होतात, तरी धूळ कशी साचली, हा आपला प्रश्न रास्त आहे. कंप्रेसरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीत साचते. पावसाळ्यात टाकीचा खालचा नळ रोज उघडला नाही तर ते पाणी नळीतून तुषारांच्या रूपाने बाहेर येते. त्याशिवाय एवढ्या जोराच्या हवेने भुसा बाहेर पडण्याऐवजी खाचांत खोलवर बसतो, आणि पंखा मोकळा सोडला तर तो प्रमाणाबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. आपला हेतू चांगला होता, परंतु साधन चुकीचे होते. प्लग काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने भुसा सुटा करून मग हाताच्या लहान ब्लोअरने उडवणे ही पद्धत गॅरेजसाठी ठीक आहे, आणि हे सर्व गॅरेजच्या बाहेर ओट्यावर करावे.

कमान कापताना यंत्र मध्येच थांबायचे, ही तक्रार वेगळी असून तिचा अर्धा दोष आमच्याकडे येतो. काही वेळ कोणी कळ दाबली नाही की संगणक झोपी जातो, ती सोय आम्ही बंद करून द्यायला हवी होती. उरलेला अर्धा दोष संगणक व यंत्र जोडणाऱ्या केबलचा असावा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते आणि आपण ३ मीटरच्या दोन केबल जोडल्या होत्या, त्याही भुसा ओढणाऱ्या मोटरच्या वायरीला लागून नेलेल्या. करवत आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते हेही बरे नाही, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि त्या क्षणी संगणकाला मिळणारा दाब खाली जातो.

टॅबलेटच्या बाबतीत मी आपल्याशी वाद घालणार नाही. भिंतीवर तो अडकवण्याचा स्टँड आम्ही विकला, चार्जरची वायर कायमची जोडून आम्हीच दिली, आणि वर गॅरेजला पत्रा आहे हे बसवायला आलेल्या आमच्या माणसाने पाहिले होते. लिथियम बॅटरी सतत १०० टक्के भरलेली ठेवणे आणि तिला उष्णता देणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती लवकर फुगते. अनेक निर्माते टॅबलेट ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच वापरावा असे लिहितात आणि वैशाखात पत्र्याखाली तो आकडा सकाळीच मागे पडतो. भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय त्या टॅबलेटमध्ये होती, ती आम्ही चालू केली नाही. म्हणून टॅबलेट आम्ही विनामूल्य बदलून देत आहोत. जुना टॅबलेट चार्जिंगला लावू नये, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि येताना तो गाडीत उन्हात ठेवू नये, ही विनंती.

मदरबोर्डचे तसे करता येत नाही. धूळ, ओल आणि गंज यांमुळे झालेले नुकसान निर्माता वॉरंटीत घेत नाही आणि ते घ्यावे असे मलाही म्हणता येत नाही. तथापि विक्रीच्या वेळी संगणक कोठे ठेवणार हे आम्ही विचारले नाही, बिलावर ‘घरगुती वापर’ असे लिहून मोकळे झालो, म्हणून नवा मदरबोर्ड आम्हाला पडतो त्या किमतीत देऊ आणि मजुरी घेणार नाही. आपल्याला हे अपुरे वाटेल याची मला कल्पना आहे.

मात्र तो पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवण्यासाठी मी देणार नाही. आपले गॅरेज घराला लागून आहे आणि मधल्या भिंतीत जुनी खिडकी आहे, तेव्हा संगणकाची पेटी आतल्या खोलीत जमिनीपासून वर ठेवावी आणि खिडकीतून फक्त संगणकाचा पडदा, कळफलक व ५ मीटरच्या आतील एकच यूएसबी केबल गॅरेजमध्ये घ्यावी, असे मला सुचते. कळफलकावर सिलिकॉनचे आवरण घालावे. वायफायवर अवलंबून राहू नये, कारण चिऱ्याच्या जाड भिंतीतून ते नीट जात नाही. धूळबंद टॅबलेट हवा असल्यास आयपी क्रमांकाचा (धूळ व पाणी किती अडते हे सांगणाऱ्या क्रमांकाचा) पहिला आकडा ६ आहे का ते पाहावे; दुसरा आकडा पाण्याचा असतो आणि जाहिरातीत बहुधा त्याचाच गाजावाजा होतो. पण खरे सांगायचे तर त्यासाठी पैसे घालू नयेत. साधा टॅबलेट पातळ, पारदर्शक झिपच्या पिशवीत घातला तरी बोटाचा स्पर्श त्याला कळतो, आणि पिशवी दहा रुपयांत येते; फक्त काम संपल्यावर तो पिशवीतून काढावा म्हणजे आत ऊब कोंडत नाही.

आपली एसएसडी, म्हणजे संगणकातील माहिती साठवणारा भाग, शाबूत आहे. मखराची सर्व रेखाचित्रे मी उघडून न पाहता एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली आहेत आणि चवथीपर्यंत वापरण्यासाठी दुकानातील एक संगणक विनाभाडे तयार ठेवला आहे. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी यावे. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते.

आपला,
दुकानाचा मालक, म्हापसा