सगळे दात काढून सांधे मोकळे होत नाहीत

मालवण-देवगडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: संधिवाताचं मूळ दातांत असतं, म्हणून सगळे दात एकदाच काढून टाका, वय झालं की ते जाणारच आहेत, गोळ्यांनी तोंड येतं, त्या बंद करा, आणि हिरड्यांना मशेरी लावा. माझा इथे दातांचा दवाखाना आहे. हा मेसेज वाचून रुमॅटॉइडच्या (शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, त्या संधिवाताच्या) आज्या चांगले दात काढून मागतात, म्हणून लिहिते आहे.

दातांत मूळ असतं, यात थोडं तथ्य आहे. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रथिनांची रचना बदलतो, आणि अशाच बदललेल्या प्रथिनांवर रुमॅटॉइडमध्ये शरीर उलटतं. अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासणीत तेच दिसतं. पण म्हणून बत्तीशी उपटायची? ते करून झालंय. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१० मध्ये दातांतल्या पुवाला दोष दिला आणि पुढे कितीतरी लोकांचे दात गेले. १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी रुमॅटॉइडच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात किंवा टॉन्सिल काढलेल्या बहुतेकांना काही फरक पडलेला नव्हता. हिरड्यांवर उपचार करा, दात स्वच्छ ठेवा. निरोगी दाताला हात लावू नका.

वयाने दात जातात, हे तर साफ खोटं. या आजारात ते जातात कारण ब्रश धरवत नाही. सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ मिटत नाही, ब्रश पुढच्या दातांवर फिरतो आणि दाढांच्या मागे पोचतच नाही. ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवा. एवढ्याने पकड येते. ब्रश थोडा उशिरा, बोटं सैल झाल्यावर केला तरी चालेल, पण रात्रीचा चुकवू नका. जमत असेल तर बॅटरीवरचा ब्रश घ्या.

दुसरं कारण कोरडं तोंड. रुमॅटॉइडसोबत अनेकांना शोग्रेन नावाचा आजार होतो, लाळेच्या ग्रंथी सुकतात. भाकरीचा घास गिळताना पाणी लागतं, जीभ टाळ्याला चिकटते. मग लोक आमसूल नाहीतर लिमलेटची गोळी चघळत बसतात! लाळ नसलेल्या तोंडात आंबट आणि गोड दोन्ही दात खातात. पाण्याचे घोट घ्या, बिनसाखरेचं च्युइंगम चघळा, फ्लोराइडची पेस्ट वापरा. आणि अशा कोरड्या तोंडात कवळीही धड बसत नाही, हे दात काढायला निघालेल्यांनी आधी ऐकावं.

मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीने काहींचं तोंड येतं, खरं आहे. त्यासाठी डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, डोस बदलतात. मनाने गोळी थांबवली की आजार उसळतो, जबड्याचा सांधाही धरतो. मात्र ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली गेली आणि तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तलफ भागते म्हणून बरं वाटतं, पण हिरड्या सुटतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

एखादी दाढ खरंच काढावी लागली, तर हाडांसाठी ॲलेन्ड्रोनेट किंवा संधिवाताची इंजेक्शनं चालू आहेत का, ते आधी सांगा. मान दुखत असेल तर तेही सांगा. खुर्चीत मान फार मागे टाकायची नसते.