मावशीच्या प्लेटमधलं ॲल्युमिनियम मेंदूत जातं म्हणे!

फोंड्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड आता चौथ्यांदा आला. मावशीच्या मांडीत प्लेट घालून दोनच महिने झालेत आणि ती आता "काढून टाकूया काय रे?" विचारायला लागली, म्हणून लिहितोय. फॉरवर्ड म्हणतो, टायटॅनियम प्लेटमधलं ॲल्युमिनियम डिफ्यूज होऊन (म्हणजे अणू-अणूने धातूतून सरकत बाहेर पडून) मेंदूत जातं, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर डबल स्पीडने, आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलात तर तांबं प्लेटमध्ये घुसून ती पिचते.

पहिलं. अशा प्लेटच्या नेहमीच्या मिश्रधातूत साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, हे खरं. पण ॲल्युमिनियमचा अणू टायटॅनियमच्या अणूच्या जागेवर बसलेला असतो, पणजीच्या भरलेल्या बसमधल्या सीटवाल्यासारखा, शेजारची सीट रिकामी झाली तरच सरकणार. त्याला प्रचंड उष्णता लागते. दोन टायटॅनियमचे पत्रे डिफ्युजनने जोडायचे तर ९०० अंशांच्या वर तापवून तासनतास दाबून ठेवतात, आणि मावशी ३७ अंशांवर आहे, ताप आला तर ३९! हिशोब केला तर शंभर वर्षांत तो अणू स्वतःच्या आकाराएवढाही हलत नाही.

यावर इंजिनिअर भाचा बोललाच, "लोखंड, निकेल, कोबाल्ट टायटॅनियममध्ये सुसाट धावतात." बरोबर, शाब्बास. ८८२ अंशांच्या खाली टायटॅनियमच्या अणूंची जी रचना असते, तिला अल्फा रूप म्हणतात, त्यात ते अणूंच्या मधल्या फटींतून घुसतात, गर्दीतनं वाट काढणाऱ्या सडपातळ पोराप्रमाणे, म्हणून टायटॅनियमच्या स्वतःच्या अणूंपेक्षा हजारो पटीने जलद. पण तेही भट्टीत! अंगाच्या तापमानाला त्यांचंही चालणं जवळपास बंदच.

खारी हवा? प्लेट मांडीच्या आत आहे आणि रक्त स्वतःच खारट. टायटॅनियमवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो, ओरखडला तरी लगेच परत बनतो, म्हणून तर समुद्राच्या पाण्यासाठी याच्याच नळ्या वापरतात. तांब्याच्या पाण्यावर तर काय बोलायचं, पोटातलं तांबं प्लेटमध्ये शिरायला प्लेट काय स्पंज आहे?

एक मात्र मान्य. धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, थोडेफार सुटतात, पण ते स्क्रू आणि प्लेट एकमेकांवर घासून, नाहीतर पृष्ठभाग गंजून. व्हॅनेडियमची चिंता होती म्हणून त्याच्या जागी निओबियम घातलेला मिश्रधातूही निघाला. तेव्हा मावशे, दुखलं, सुजलं, काही हललंसं वाटलं तर डॉक्टरला दाखव, एक्स-रे चुकवू नको. तांब्यातलं पाणी पी खुशाल.