परदेशात ग्लायडिंग करायचंय? डोंगर नको, क्लब शोधा

उन्हाळा जवळ आला की इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आम्ही जूनमध्ये युरोपला येतोय. ग्लायडिंगसाठी चांगली जागा कुठली? एखादं नाव सांग ना." विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात कामशेत नाहीतर पाचगणीचं पॅराग्लायडिंग असतं, म्हणून आधीच सांगून टाकते: मी बोलतेय ते बिनइंजिनाच्या विमानाबद्दल. लांबलचक पंख, वर पारदर्शक झाकण, आत एकामागे एक दोन जागा. पुण्यात हडपसरला याचंच सेंटर आहे, नागरी विमान वाहतूक संचालनालयाचं, आणि खुद्द पुण्यातल्या कितीतरी लोकांना त्याचा पत्ता नसतो. असो.

मी हल्ली जागेचं नाव सांगत नाही. उलट विचारते, किती दिवस आहात? चार दिवस असतील तर एक उत्तर, नोकरीनिमित्त चार वर्षं असतील तर दुसरं. आणि माझा सगळा जीव त्या दुसऱ्या उत्तरात आहे.

ते उत्तर म्हणजे क्लब. मी राहते त्या जर्मनीत ग्लायडिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी क्लबच. दुकान नाही, काउंटर नाही, तिकीट काढून रांगेत उभं राहायचं नाही. गावाबाहेर गवताची धावपट्टी, एक हँगर, बाजूला एक खोली आणि तिच्यात कॉफीचं मशीन. एक ग्लायडर हवेत जायचं तर किती हात लागतात बघा. मैदानाच्या पार टोकाला विंच असतो, म्हणजे दोर गुंडाळणारं मोठं इंजिन. तो चालवायला एक जण. दोर गाडीने ओढत परत आणायला दुसरा. उड्डाणाच्या वेळी पंखाचं टोक धरून दोन पावलं पळायला तिसरा. नोंदी ठेवायला आणि विंचवाल्याला इशारा द्यायला चौथा. शिवाय शिकवणारा. हे सगळे पगाराविना आलेले असतात, आपली सुट्टी खर्च करून. शिकवणारासुद्धा. म्हणून तर एका विंच लाँचला मोजके युरो पडतात आणि कॉलेजची पोरं हा शौक करू शकतात. इथे चौदाव्या वर्षी एकट्याने ग्लायडर उडवता येतं, परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. गाडीचं लायसन्स नसलेली मुलगी आकाशात वर्तुळं काढत असते आणि तिची आई खाली गवतावर बसून पुस्तक वाचत असते. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आईकडेच जास्त वेळ बघत होते.

विंच लाँचबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण विचारणाऱ्यांना वाटतं आपण डोंगरावरून उडी मारतो. दोर साधारण किलोमीटरभर लांब. इशारा झाला की दोर ताणला जातो आणि तीन-चार सेकंदांत तुम्ही शंभराच्या वेगात असता. मग नाक वर, इतकं वर की समोर फक्त आकाश. मिनिटाच्या आत तीन-चारशे मीटर उंची. धाड्‌कन आवाज करत दोर सुटतो, नाक खाली येतं आणि मग एकदम फक्त वाऱ्याची सळसळ. आता हातात पाच-सात मिनिटं आहेत. तेवढ्यात वर चढणारी हवा सापडली तर तासन्‌तास राहा, नाही सापडली तर खाली येऊन पुन्हा रांगेत लागा. घारी जिथे घिरट्या घालतायत तिथे जायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. इथले मुरलेले पायलटही तेच करतात, आणि घार जवळ आलेल्या ग्लायडरला फारसं महत्त्व देत नाही.

आता माझी तक्रार, आणि ती आपल्याच मंडळींबद्दल आहे. स्टुटगार्टच्या आसपास मराठी माणूस कमी नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत आणि पुण्यातून इथे इंजिनिअरांची ये-जा कायम चालू असते. विमानाचं वेड असलेले त्यांत कितीतरी. पण शनिवार-रविवार आला की प्राग, नाहीतर पॅरिस, नाहीतर स्वित्झर्लंडचा पास. आणि पंचवीस मिनिटांवरच्या मैदानाला "अगं, तिथे सगळे जर्मन असतील ना" म्हणून फाटा. असतील की! त्यांच्याच गावात ते नसतील तर कोण असणार? भाषा येत नाही ही सबब निम्मी खरी आहे. छोट्या मैदानांवर रेडिओवरचं बोलणं जर्मनमध्ये चालतं, ते शिकावंच लागतं. पण माझं जर्मन सुधारलं ते क्लासमध्ये नाही, ओल्या गवतात दोर जोडताना. जोरात, थोडक्यात आणि चूक न करता बोलायची सवय तिथे लागते, कारण पलीकडे विंचवाला थांबलेला असतो.

जायचं कसं? आधी सॅटेलाइटचा नकाशा उघडा. शहराबाहेर गवताची लांब पट्टी आणि तिच्या कडेला पांढऱ्या, अरुंद, लांब ट्रेलरची ओळ दिसली की समजा ग्लायडर तिथे आहेत. पंख काढून ती त्या ट्रेलरमध्ये ठेवतात. शोधताना तिथल्या भाषेतला शब्द टाका: जर्मनीत सेगेलफ्लूग, फ्रान्समध्ये व्होल आ व्हॉयल, इटलीत व्होलो आ व्हेला. मग वीग्लाइड किंवा ओएलसी या वेबसाइट पाहा, जिथे पायलट आपल्या उड्डाणांच्या नोंदी टाकतात. त्या मैदानावरून गेल्या उन्हाळ्यात कोण किती लांब गेलं, फक्त रविवारीच उडतात की बुधवारीही, क्लब जिवंत आहे की नुसता वेबसाइटपुरता, सगळं कळतं. हात दाखवून भविष्य सांगणाऱ्यापेक्षा भरवशाचं.

आणि त्यानंतर ईमेल करू नका. ईमेल वाचणारा सचिव बहुधा हँगरमध्ये ग्रीस लावत असतो. एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या कुठल्याही कोरड्या शनिवारी सकाळी सरळ जाऊन कुंपणापाशी उभ्या राहा. धावपट्टी ओलांडू नका, दोराला हात लावू नका, कोणी मोकळं दिसलं की विचारा. दहाव्या मिनिटाला तुमच्या हातात पंखाचं टोक नाहीतर कॉफीचा कप असेल. पाहुण्याला शिक्षकाच्या पुढच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणायची सोय बहुतेक क्लबांत असते, आणि बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांची प्रायोगिक सदस्यताही मिळते.

मात्र उड्डाण झालं आणि निघालो, हे जमायचं नाही. तिथे दिवस सकाळी हँगरचं दार उघडण्यापासून सुरू होतो आणि संध्याकाळी पंखांवर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसून, सगळी ग्लायडरं एकात एक बसवून आत ठेवल्यावर संपतो. हिवाळ्यात वर्कशॉपमध्ये ठरलेले तास काम करायचं; नाही केलं तर त्याचे पैसे भरायचे. आमच्याकडे एक मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ आहेत, ते सॅंडपेपर घासताना जितके खूश दिसतात तितके ऑफिसच्या फोटोत दिसत नाहीत. मला हा व्यवहार आवडतो. पैसे कमी, वेळ जास्त. ज्यांच्याकडे उलटं आहे त्यांनी व्यावसायिक स्कूल गाठावं, त्यात गैर काही नाही.

चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी मात्र एक नाव सांगतेच: वासरकुप्प. फुल्डाजवळचा, रोनच्या डोंगरांतला ९५० मीटरचा माथा, हेसन राज्यातला सगळ्यांत उंच. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, आणि उडायची खाज काही जाईना. १९२० मध्ये ऑस्कर उर्सिनस या विमानविषयक मासिकाच्या संपादकाने या डोंगरावर बिनइंजिनाच्या विमानांची स्पर्धा भरवली. पोरं स्वतः बांधलेली यंत्रं घेऊन आली. दोन वर्षांत, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, हानोफरच्या विद्यार्थ्यांच्या 'व्हाम्पिर'मधून आर्थर मार्टेन्स तासाहून जास्त वेळ हवेत राहिला. त्याआधी सगळा खेळ मिनिटांचा होता. आज वर जर्मन ग्लायडिंगचं संग्रहालय आहे, फ्लाइंग स्कूल आहे, पाहुण्यांना फेरी मिळते, आठवडाभराचे कोर्स असतात. पायथ्याशी पॉपेनहाउझेनमध्ये श्लायशर कंपनीचा ग्लायडरचा कारखाना, १९२७ पासूनचा. जगभर ज्यावर नवशिके शिकतात ते एएसके २१ तिथलंच. फ्रँकफर्टला उतरणाऱ्यांनी हाइडेलबेर्गच्या किल्ल्याऐवजी एक दिवस इकडे द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत?

तरीही शिकायला तिथे जाऊ नका. दर आठवड्याला दोन-अडीच तासांचा प्रवास उत्साहाला दोन महिन्यांत खातो. परवान्यासाठी किमान १५ तासांचं प्रशिक्षण आणि ४५ उड्डाणं लागतात, आणि क्लबात ती एकेक करून, हवामान बघत, रांगेत थांबून पुरी होतात. बहुतेकांना दोन हंगाम लागतात. अशा वेळी घराजवळचं साधं मैदान कुठल्याही प्रसिद्ध डोंगरापेक्षा बरं. स्टुटगार्टकर तर नशीबवान: श्वेबिश आल्बचं कोरडं चुनखडीचं पठार उन्हात लवकर तापतं, त्यावर हवा सुरेख चढते, आणि टेकच्या किल्ल्याखाली किर्शहाइमला हानवाइड मैदान आहे. मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावूनही उडत राहिलेला ग्लायडर पायलट वोल्फ हिर्ट याच भागातला. ग्लायडर बनवणाऱ्या शेम्प-हिर्ट कंपनीच्या नावातला हिर्ट तोच.

इतर देशांचं थोडक्यात. लंडनवाल्यांनी ल्यूटनजवळच्या डन्स्टेबलला जावं. लंडन ग्लायडिंग क्लब १९३० पासूनचा आहे आणि भाषेची सबब तिथे चालत नाही. न्यू जर्सीतल्या मंडळींनी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या हॅरिस हिलला, तिथे संग्रहालयही आहे. अमेरिकेत विंचपेक्षा विमानाने ओढून नेण्याची पद्धत जास्त, त्यामुळे खर्चही जास्त. न्यूझीलंडचं ओमारामा, फ्रान्समधलं सिस्टरॉन ही नावं फोटोंमुळे सगळ्यांना माहीत होतात, पण ती डोंगरांतली उड्डाणं आहेत. शिक्षकाबरोबर अवश्य बसा. एकट्याने तिथे जायचं ते हात चांगला बसल्यावर.

नवऱ्याला माझ्या या छंदातली एकच गोष्ट खटकायची, शेतात उतरणं. लांबच्या उड्डाणात चढती हवा संपली की जवळचं बरं शेत बघून उतरायचं, हा या खेळाचा ठरलेला भाग आहे, अपघात नाही. पण मग ग्लायडर परत कोण आणणार? क्लबमधलं कोणीतरी ट्रेलर जोडून सत्तर-ऐंशी किलोमीटर येतं, सगळे मिळून पंख काढतात, आणि वाटेत त्यांना जेवू घालायचं ही रीत. मी पहिल्यांदा अशी उतरले तेव्हा शेतकरी ट्रॅक्टर थांबवून आला. पीक कापून झालेलं होतं, त्याची काही हरकत नव्हती. त्याला फक्त आपल्या नातवाला आत बसवून फोटो काढायचा होता. तासाभराने क्लबचे तिघे पोचले. त्यातला एक जण बहिणीच्या वाढदिवसातून उठून आला होता. हे लोक कुठल्या ट्रॅव्हल कंपनीच्या पॅकेजमध्ये मिळतात, सांगा.

पहिल्या सोलोच्या दिवशी काय होतं तेही ऐकून ठेवा, नंतर म्हणू नका सांगितलं नाही. तीन उड्डाणं एकट्याने करून उतरलात की हातात काटेरी झुडपांचा गुच्छ देतात आणि क्लबमधला प्रत्येक जण रीतसर पार्श्वभागावर एक फटका मारतो. का, तर चढती हवा बुडाला कळली पाहिजे म्हणे. आईला व्हिडिओ पाठवला तर तिचा लगेच फोन, "पोलिसात जाऊ का?"

येणार असाल तर कॉमेंटमध्ये गाव लिहा, जवळचं मैदान शोधून देते. पाणी, गॉगल आणि वर बटण नसलेली टोपी आणा; बटण झाकणावर आपटून काच खराब होते. फोन केलात तर पहिला प्रश्न वजनाचा येईल. लाजू नका आणि खोटं तर मुळीच सांगू नका. एएसके २१ च्या पुढच्या सीटवर सत्तर ते एकशे दहा किलो चालतं. माझ्यासारख्यांना कमी पडतं, मग शिशाचे ठोकळे लावून भरपाई करतात. वरच्या आकड्यापलीकडे असाल तर मात्र हिवाळाभर वेळ आहे, कामाला लागा.