पाच रुपयांची पुडी आणि पन्नास मीटरचा नियम

जून उजाडला, शाळा भरल्या की बेळगावात एक चर्चा ठरलेली. शाळेसमोरचे गाडे हटवा, पोरांच्या पोटात विष जातंय. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लालभडक गोबी मंचुरीचे फोटो फिरतात, कुणीतरी कुणालातरी फोन लावतं, अतिक्रमणवाल्यांची गाडी येते, दोन-चार गाडे उचलले जातात. आठवड्याभरात सगळे पुन्हा जागच्या जागी.

पण हे गाडे कुठल्या शाळांसमोरून उचलले जातात, ते जरा बघा. टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प, म्हणजे सुखवस्तू भाग. वडगाव-खासबागच्या विणकर वस्तीतल्या गल्लीबोळांत ती गाडी फिरकलेली मी तरी बघितली नाही. तिथल्या आयांना पोरांची काळजी नाही असं नव्हे. फोन लावला तर उचलेल असा माणूस त्यांच्या ओळखीत नाही, एवढंच.

नियम आहे, आणि कागदावर चांगला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम सांगतात की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. १ जुलै २०२१ पासून हे लागू आहे. शाळेजवळ तंबाखू विकायला बंदी तर २००३ च्या कायद्यापासूनची. आता हे ५० मीटर प्रत्यक्ष मोजा. कॅम्पात मोठ्या कंपाउंडची शाळा असते. भिंत, झाडं, व्हॅनची रांग यातच ५० मीटर संपतात. वडगावात फाटकातून पाय बाहेर टाकला की समोरच्या घराची पायरी लागते, आणि पायरीवरच्या खोलीत दुकान. पुढच्या ५० मीटरांत पिठाची गिरणी, मागाची शेड, किराणा, आणखी एक किराणा, झेरॉक्सवाला आणि पानपट्टी. यातलं एखादं दुकान त्याच शाळेतल्या पोरीच्या आजीचं निघतं. माग विकून टाकल्यावर त्याच खोलीत तिनं बरण्या मांडलेल्या असतात. तिला उठवायचं ते कुठं?

अशा एका दुकानात मी अधूनमधून बसतो. दारात चिप्स-कुरकुऱ्यांच्या पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, आत चिंचेच्या गोळ्या, अलेपाक, चिक्की, फ्रिजमध्ये पेप्सीकांड्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरं एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढं काढतात आणि दुकानवाल्या अक्का तोंडानं हिशेब करत पुड्या तोडत सुटतात. मी त्यांना विचारलं, अक्का, केळी का ठेवत नाही? त्यांनी मला वेड्यात काढलं. पुडीवाल्याचा टेम्पो ठरलेल्या वारी गल्लीत येतो, उधारीवर माल टाकतो, उंदरानं कुरतडलेली पुडीसुद्धा बदलून देतो. केळी आणायला पहाटे मार्केटला जायचं, रोख मोजायचे, रिक्षाभाडं वेगळं, आणि शाळेला अचानक सुट्टी लागली की घड काळा पडून नुकसान अंगावर. शिवाय पोराच्या हातात पाचाचं नाणं असतं. पाचात आख्खी पुडी येते, केळं परवडेलच असं नाही. मोठ्या कंपनीचा माल आमच्या सगळ्यात अरुंद बोळात वेळेवर पोचतो, तालुक्यात पिकलेलं फळ पोचत नाही. पोरांच्या जिभेला दोष देण्याआधी हे गणित कुणीतरी बघायला हवं.

आणि खरा घोळ पुढंच आहे.

सरकारी शाळेत दुपारी गरम जेवण मिळतं. अक्षर दासोह ही कर्नाटकाची मध्यान्ह आहार योजना आहे, २०१३ पासून क्षीरभाग्यचं दूध आहे. अंडी सुरू झाली, न खाणाऱ्याला केळं. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं ती आठवड्यातले सहाही दिवस. अंड्यावरून काय गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. पण योजना चालली, आणि तिचं कौतुक करायला मला संकोच नाही. मात्र ही सोय सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती. विनाअनुदानित खाजगी शाळेला यातलं काही नाही.

आमच्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत काय चाललंय ते वेगळं सांगायला नको. सरकारी मराठी शाळेचा पट उतरतोय आणि पोरं कोपऱ्यावरच्या स्वस्त खाजगी इंग्रजी शाळेत जातायत. मराठीत शिकून इथं नोकरीला कन्नड आडवं येतं, कन्नड शाळेत घालायला मन घेत नाही, मग इंग्रजी. आईबापांना मी नावं ठेवणार नाही. पण शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर त्या पोराचं अंडंही गेलं, दूधही गेलं, डाळभातही गेला. फी भरून पोर उपाशी, अशी गत. बाप उद्यमबागेत फौंड्रीत पहिल्या पाळीला. आई सकाळी सातला टिळकवाडीत पोळ्या लाटायला, दुसऱ्यांच्या पोरांचे डबे भरायला. स्वतःच्या पोराच्या हातावर दहा रुपये. मग शाळेच्या डायरीत लाल शाईनं शेरा येतो: पाल्याला पौष्टिक डबा द्यावा.

या पोराचं दुपारचं जेवण म्हणजे फाटकासमोरचं ते दुकान. मध्यान्ह आहार योजनेनं जे टाकलं ते अक्कांच्या दुकानानं उचललं, इतकं सरळ आहे हे. श्रीमंताचं पोर कमी अरबट-चरबट खातं असं काही मला वाटत नाही. तेही पिझ्झा-पेस्ट्री हाणतं, पण घरचा डबा खाऊन वर. हे पोर पुडी खातं ते डब्याच्या जागी.

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं गोबी मंचुरी आणि म्हातारीच्या केसांतल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली, तेव्हा आमच्याकडची गोबी काही दिवस फिकी झाली होती. आता परत तोंड रंगतंय. तपासणार कोण? दुकानाच्या पाटीवर नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड आहे का हे बघायला इथं माणसं कमी पडत नाहीत, आणि आमचे मराठी पुढारीही भांडायचं तर पाटीवरूनच भांडतात. कढईतल्या तेलाला दोन्हीकडून कुणी वाली नाही.

लंडनच्या २०२१ च्या शहर आराखड्यात शाळेपासून चालत ४०० मीटरच्या आत टेकअवेच्या नव्या दुकानाला परवानगी द्यायची नाही असं ठरलं. जुन्यांना त्यात हात लावलेला नाही. आपण नेमकं उलटं करतो. म्हातारीची टोपली उचलतो आणि शाळेच्या रस्त्यावर नव्या चकचकीत बर्गरवाल्याला हार घालून फीत कापतो.

तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी मार्केट यार्डातून ट्रक भरभरून उत्तरेकडं जातात. उकडलेलं रताळं, उकडलेल्या शेंगा, समोर कालवून दिलेलं गिरमिट म्हणजे मसालेदार चुरमुरे, हे विकणाऱ्या बायका शहरात आहेत. त्यांना शाळेसमोर उभं राहू देत नाहीत. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, विक्रीच्या जागा ठरवायला त्यात शहर समितीची तरतूद आहे. त्या समितीनं शाळांजवळच्या जागा या बायकांना द्याव्यात, जागाभाडं न घेता, आणि सुरुवात टिळकवाडीतून नको, वडगावातून करावी. दुसरं, कमी फीच्या खाजगी शाळांतल्या पोरांना निदान अंडं-केळं तरी मिळावं यासाठी सरकारकडं मागणी करणारा ठराव महापालिकेनं करावा. ५८ नगरसेवक आहेत. आपापल्या वॉर्डातल्याला ही पोस्ट पाठवा, आणि तो काय म्हणतो ते इथं खाली लिहा.