न्यूटनचा पहिला नियम दुसऱ्यातून निघत नाही

"बल = वस्तुमान × त्वरण यात बल शून्य घाला, त्वरण शून्य येतं. म्हणजे पहिला नियम हा दुसऱ्याचाच एक विशेष प्रकार." हे वाक्य वर्गात, नोट्समध्ये आणि उत्तरपत्रिकांत इतकं रुळलंय की त्यावर शंका घेणारा विद्यार्थी वेळ खातोय असं वाटतं. पण ते चूक आहे, आणि त्यामुळे यांत्रिकीचा पायाच नजरेआड होतो.

त्वरण कशाच्या सापेक्ष मोजायचं, हे आधी ठरवायला नको का? बसला ब्रेक लागला की तळावरचा चेंडू पुढे घरंगळतो. बसच्या सापेक्ष त्याला त्वरण आहे, पण त्याला पुढे ढकलणारं कुणीच नाही. बसच्या त्या चौकटीत (ज्याच्या सापेक्ष आपण गती मोजतो ती संदर्भ-चौकट) दुसरा नियम जसाच्या तसा लावला तर खोटा ठरतो. पहिला नियम नेमकी हीच जागा भरतो: ज्यांत बल नसलेली वस्तू सरळ रेषेत एकसमान वेगानं जाते, अशा चौकटी अस्तित्वात आहेत. दुसरा नियम त्यानंतर, आणि त्याच चौकटींत. न्यूटननं स्वतः १६८७ मध्ये निरपेक्ष अवकाशाचा, म्हणजे सगळी गती ज्याच्या सापेक्ष मोजायची अशा स्थिर अवकाशाचा, आधार घेतला होता. 'जडत्वीय चौकट' (पहिला नियम जिथे खरा ठरतो ती) ही कल्पना स्वच्छ शब्दांत मांडली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग लांगेनं, तीही १८८५ मध्ये. जे उमगायला जवळपास दोनशे वर्षं लागली ते आपण एका ओळीत उडवून लावतो.

मग वस्तुमान. न्यूटनची व्याख्या घनता आणि आकारमान यांवरून येते, आणि घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान! हे वर्तुळ ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखनं १८८३ मध्ये दाखवून दिलं आणि वाटही सुचवली: दोन वस्तूंना फक्त एकमेकींवर परिणाम करू द्या. त्यांच्या त्वरणांचं व्यस्त गुणोत्तर म्हणजे वस्तुमानांचं गुणोत्तर. यात बल हा शब्दसुद्धा लागत नाही.

हे शाळेत करून दाखवता येतं आणि घड्याळही लागत नाही. सपाट रुळावर दोन ट्रॉल्या, एक ०.५ किलोची, दुसरी १ किलोची. मध्ये दाबलेली स्प्रिंग, दोरीनं बांधलेली. दोन्ही टोकांना अडसर लावा. दोरी जाळा आणि दोन्ही धडकांचा आवाज ऐका. आवाज एकदम येईपर्यंत सुरुवातीची जागा सरकवत राहा. एकाच वेळात कापलेली अंतरं वेगांच्या प्रमाणात असतात आणि वेग त्वरणांच्या, म्हणून कापलेल्या अंतरांचं गुणोत्तर २ : १ यायला हवं.

ते तंतोतंत येत नाही, आणि शिकण्यासारखं तिथेच असतं. समजा वेग ०.६ आणि ०.३ मी/से आहेत आणि धडक १ सेकंदानं होते. घर्षणामुळे दोघींना ०.०४ मी/से² मंदन असेल, तर प्रत्येकीचं अंतर २ सेंमीनं घटतं. ६० आणि ३० ऐवजी ५८ आणि २८, म्हणजे गुणोत्तर २.०७. रूळ मीटरमागे १ मिमी कलला असेल तर एकीला अर्धा सेंमी जास्त मिळतो, दुसरीला तेवढाच कमी. ट्रॉल्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं की कल पकडला जातो, कारण चूक उलट दिशेला जाते. घर्षणाची चूक मात्र अदलाबदलीनंतरही तशीच राहते.

आता स्प्रिंग काढून चुंबक लावा. गुणोत्तर तेच येतं. अ आणि ब या वस्तूंचं गुणोत्तर, मग ब आणि क यांचं मोजा. त्यावरून अ आणि क यांचं गुणोत्तर आधीच सांगता येतं. हे निसर्गानं असं असायलाच हवं होतं असं नाही, ते प्रयोगानंच कळतं. नियमाचा खरा, तपासता येणारा ऐवज हा आहे. 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' एवढंच म्हटलं तर ती निव्वळ व्याख्या झाली, आणि व्याख्या प्रयोगानं खोटी पाडता येत नाही.

म्हणून निरीक्षण जुळलं नाही की आधी नवं बल शोधलं जातं. युरेनस अपेक्षित मार्गावर नव्हता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल वेरियेनं गणितानं अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या उपसूर्यबिंदूचं (कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू) शतकाला सुमारे ४३ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जादा सरकणं मात्र कुठल्याही लपलेल्या ग्रहानं सुटलं नाही. तिथे १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचाच नवा सिद्धान्त, आइनस्टाइनचा, लागला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून शिकवल्या तर अकरावीचा विद्यार्थीही विचारेल, की कोणत्या वेळी बल शोधायचं आणि कोणत्या वेळी सिद्धान्तच बदलायचा? असा प्रश्न मला सोडवलेल्या पन्नास उदाहरणांपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रयोगशाळेत मात्र दुसऱ्या नियमाचा 'पडताळा' असा होतो: १ किलोची ट्रॉली, दोरी, कप्पी आणि टांगलेलं १०० ग्रॅम वजन. ओढणारं बल ०.९८ न्यूटन धरतात. पण वजन स्वतःही त्वरणानं खाली जातंय, त्यामुळे दोरीतला ताण सुमारे ०.८९ न्यूटनच असतो. घर्षण अजिबात नसलं तरी जवळजवळ १० टक्के फरक पडतो, आणि वहीत दोष घर्षणाच्या माथी मारला जातो. खरं तर हलणारं एकूण वस्तुमान १.१ किलो धरायला हवं. बल बदलायचं असेल तर ट्रॉलीवर ठेवलेली वजनं एकेक करून हुकावर टांगावीत, म्हणजे एकूण वस्तुमान कायम राहतं. शिवाय टांगलेल्या वजनाचं बल mg (वस्तुमान × गुरुत्वत्वरण) हे आपण त्याच नियमातून काढलेलं असतं. ज्याचा पडताळा घ्यायचा तेच गृहीत धरलंय, हे शिक्षकांनी फळ्यावर लिहून दाखवायला हवं.