मामांचे गुंठे आणि शेजाऱ्याचा दहाचा पाना

परवा मामांचा कॉल आला. इकडे ओहायोत रविवारची सकाळ, तिकडे बार्शीत संध्याकाळ, आणि मामा आधीच तापलेले. नातवाच्या सहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात लिहिलंय की लंडनच्या ग्रिनिचच्या कितीतरी शतकं आधी आपली स्वतःची मध्यरेषा होती आणि ती उज्जैनवरून जायची, शिवाय मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव डिसेंबर २०२३ मध्ये विधानसभेत म्हणालेच होते की मूळ रेखावृत्त, म्हणजे शून्य रेखांशाची रेष, उज्जैनला आणायचा प्रयत्न करू, मग आपण अजून इंग्रजांच्या शून्यापासून का मोजतोय? वर मलाच म्हणाले, "तुझी अमेरिका बघ, अजून मैल सोडत नाही. स्वाभिमान म्हणतात त्याला."

मामा भूमिअभिलेखमधून रिटायर झालेत, जन्म जमिनी मोजण्यात गेला, त्यामुळे मोजमापावर बोलायचा त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा, मान्य. पण ह्या मैलवाल्या देशात बारा वर्षं काढल्यावर मला हा स्वाभिमान जवळून बघायला मिळालाय, आणि खरं सांगू का, त्यात स्वाभिमान कमी आणि आळस जास्त आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, आर्मीतून रिटायर झालेले. गॅरेज म्हणजे त्यांचं देवघर. मेट्रिकचा विषय काढला की भडकतात, ते युरोपवाल्यांचं खूळ, आपल्याला नको. आणि हे बोलताना हातात काय असतं, तर दहा एमेमचा पाना, कारण अमेरिकन कंपन्यांच्या गाड्यासुद्धा कधीच्याच मेट्रिक झाल्यात, त्यामुळे इथे प्रत्येक गॅरेजमध्ये पान्यांचे दोन-दोन सेट, एक इंचाचा आणि एक मिलिमीटरचा. (दहाचा पाना कायम हरवतो, तो देशभेद मानत नाही.) आजोबांची बीपीची गोळी मिलिग्रॅममध्ये, व्हिस्कीची बाटली साडेसातशे एमेलची, बंदूक नऊ एमेमची, आणि फौजेतल्या गोष्टी सांगताना अंतर 'क्लिक'मध्ये सांगतात, म्हणजे किलोमीटरच की! एकदा मी हे त्यांना हसत हसत मोजून दाखवलं तर म्हणाले, ते वेगळं.

ते वेगळं का, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

गंमत म्हणजे अमेरिका १८७५ च्या मीटर कराराच्या पहिल्या १७ देशांपैकी एक आहे. १८९३ पासून इथला यार्ड आणि पाउंड हे मीटर आणि किलोवरूनच ठरवले जातात, आणि १९५९ पासून इंच म्हणजे बरोब्बर २.५४ सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. म्हणजे आजोबांचा अस्सल अमेरिकन इंच आतून मेट्रिकच आहे, फक्त वरचं लेबल जुनं. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मेट्रिकचा कायदाही केला, पण तो ऐच्छिक ठेवला, आणि १९८२ मध्ये रेगन यांनी त्यासाठीचं मंडळच गुंडाळलं. ऐच्छिक म्हटल्यावर कोण करतंय? ॲरिझोनात टूसॉन ते नोगालेस एक हायवे आहे, त्याच्यावर अजून किलोमीटरच्या पाट्या आहेत, त्या जमान्याची आठवण म्हणून उरल्यासारख्या. पाट्या बदला, मशिनं बदला, मिस्त्रींना परत शिकवा, हा खर्च कुणालाच नको होता. देशाची ओळख वगैरे भाषा त्या खर्चावर नंतर चढवलेला मुलामा आहे असं माझं मत. मंगळावर पाठवलेलं यान १९९९ मध्ये ह्याच घोळात गेलं, एकाने जोर पाउंडात मोजला आणि दुसऱ्याने मेट्रिकच्या न्यूटनमध्ये धरला, पण त्यानेही कुणी मैल सोडले नाहीत. आणि दुकानात जी फळी 'टू बाय फोर' म्हणून मिळते ती प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. म्हणजे ज्या इंचासाठी भांडायचं तो इंचही खरा नाही, नाव तेवढं शिल्लक.

हे सगळं मी मामांना सांगितलं तर खूश झाले, म्हणाले बघ, ढोंगी आहेत. मग मी गुंठ्याचा विषय काढला आणि तिथे आमचं वाजलं.

सातबाऱ्यावर क्षेत्र कसं असतं, हेक्टर-आर मध्ये. बोलताना? गुंठेच. मामा स्वतः सगळं आयुष्य आर लिहीत आले आणि गुंठे बोलत आले, आणि एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. गुंठा आपला, आर परका, असं त्यांचं म्हणणं. पण गुंठा म्हणजे किती? ३३ फूट बाय ३३ फूट. कुणाचे फूट? आणि ४० गुंठ्यांचा एकर, तो तर हिशोबाला एक चौरस फूटही इकडेतिकडे न होता इंग्लंडचा एकर, ४३,५६०. म्हणजे मामांचा गुंठा इंग्रजांच्या फुटात मापलेला, आणि आजोबांचा इंच फ्रेंचांच्या मीटरात. दोघंही परक्याचंच माप आपलं म्हणून छातीशी धरून बसलेत. मामा जरा वेळ गप्प बसले मग म्हणाले, "शब्द तर आपला आहे ना."

हे मात्र मला पटलं. शब्द आपलाच आहे. १ एप्रिल १९५७ ला आणे गेले, नवे पैसे आले, पण मी कधी आणा बघितलेला नसताना मीपण 'सोळा आणे खरं' म्हणतोच. शेर जाऊन किलो आला तरी शेरास सव्वाशेर भेटतोच आहे. माप गेलं म्हणून भाषेतून काही गेलं नाही. आणि नवे पैसे यायच्या दहाच दिवस आधी, २२ मार्च १९५७ ला, मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं शक कॅलेंडर सरकारने राष्ट्रीय म्हणून सुरू केलं. संपूर्ण स्वदेशी, शास्त्रशुद्ध, राजपत्रावर छापलं जातं, आकाशवाणीवर सांगतात. आज त्यातली तारीख कुणाला विचारून बघा, मामांनाही नाही आली. त्यांना तिथी येते, एकादशी येते, त्यांना सरकारने कधीच काही सांगावं लागलं नाही. म्हणजे सरकारने रुजवायचं म्हणून ओळख रुजत नाही आणि बाहेरचं माप आलं म्हणून ती उपटतही नाही, लोक ज्याचा उपयोग आहे ते ठेवतात आणि ज्याची माया आहे ते पण ठेवतात, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतं.

पण मामांच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण आमच्यासारखी परदेशी बसलेली मंडळी इथेच चुकतात, सगळ्या विरोधाला मागासलेपणा म्हणून मोकळी होतात. १९०६ मध्ये सरकारने इंडियन स्टँडर्ड टाइम आणला तेव्हा मुंबईने तो धुडकावला. मुंबईचा टाइम ३९ मिनिटं मागे होता. गिरणी कामगाराच्या दृष्टीने ह्याचा अर्थ सरळ होता, भोंगा सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं लवकर वाजणार. त्या जानेवारीत कामगारांनी काम बंद करून दगडफेकसुद्धा केली. मुंबई महापालिकेने तर हट्टाने जुना टाइम चालू ठेवला, आणि तो पूर्ण जायला १९५५ उजाडलं. ह्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. वर कुणीतरी न विचारता ठरवलं आणि झोप खालच्यांची गेली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देश बसून ग्रिनिच ठरवून आले, तिथे पण आपल्याला खुर्ची नव्हती. मीटरचं तसं नव्हतं, १९५६ चा कायदा आपल्या संसदेने केला आणि म्हणून शेर-मण सोडताना कुणाला गुलामी वाटली नाही, उलट नवा देश म्हणून मिरवलं.

म्हणूनच उज्जैनचं मला पटत नाही. सूर्यसिद्धांत ह्या जुन्या ज्योतिषग्रंथात अवंती, म्हणजे उज्जैनच, आहे, ते पुस्तकात यायलाच हवं, मी लहानपणी शिकलो नाही ह्याचं वाईट वाटतं. पण आजचा शून्य तिकडे हलवून मिळणार काय, तो मुळात ग्रिनिचवर तरी राहिलाय का? तिथे पितळी पट्टीवर दोन पाय ठेवून लोक फोटो काढतात ना, तिथेच मोबाईलचा जीपीएस लावा, शून्य १०० मीटरभर पूर्वेला निघतो. इंग्रजांचीही रेष इंग्रजांच्या पायाखालून सरकली, कुणी मोर्चा नाही काढला. फ्रान्सचा मान जपणं तर अजब, १९११ मध्ये वेळ घेतली ग्रिनिचचीच पण कायद्यात लिहिलं काय, पॅरिसची वेळ वजा ९ मिनिटं २१ सेकंद! मामांना ही आयडिया प्रचंड आवडली. म्हणाले मग आपण पण असंच काहीतरी लिहूया. मी म्हटलं लिहा, त्याला माझी हरकत नाही.

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, उन्हाळा कसा आहे. "बेचाळीस झालंय," मामा म्हणाले. आणि लाज वाटते सांगायला पण माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे किती?" बार्शीत ज्या उन्हात मी अनवाणी क्रिकेट खेळलो ते ऊन मला आता फॅरनहाइटमध्ये करून घ्यावं लागतं.

मामा दोन सेकंद स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कुत्रं पण सावली सोडत नाही, एवढं."