त्या दोघांचा 'र'

'हेवर' हा स्कॉट्स बोलीतला शब्द. अर्थ, काहीबाही बरळत राहणं. लंडनमध्येही अनेकांना तो कळत नाही. तरीही क्रेग आणि चार्ली रीड या भावांनी तो आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात तसाच ठेवला. १९८८ सालचं ते 'फाइव्ह हंड्रेड माइल्स' १९९३ मध्ये 'बेनी अँड जून' या चित्रपटामुळे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

या भावांची जोडी म्हणजे 'द प्रोक्लेमर्स'. त्यांचं नाव घेतलं की लोकांना एवढंच गाणं आठवतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे जुळे भाऊ १९६२ मध्ये एडिनबराचं बंदर असलेल्या लीथमध्ये जन्मले. शाळेपासून पंक बँडमध्ये वाजवायचे, १९८३ पासून प्रोक्लेमर्स. दोन चष्मे, एक गिटार, आणि दोन गळे इतके एकजीव की कोण कुठे सुरू झालं ते कळत नाही. १९८७ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी अख्खं गाणं 'र'वर लिहिलं. स्कॉटिश माणसाचा ठसठशीत 'र' इंग्लंडमधल्या कानांना खुपतो, तो टाकून दे म्हणतात, त्याबद्दल.

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं. मी बीडकडची. पुण्यात कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या विषयावर चकार शब्द न काढता सगळ्यांसमोर माझं 'आनि' आणि 'पानी' दुरुस्त केलं. पुढची दोन वर्षं मी वर्गात बोलायला उभी राहिले नाही. आणि इथे दोन पोरं तीच जखम घेऊन टीव्हीवर गात होती, तेही त्याच उच्चारात!

'लेटर फ्रॉम अमेरिका' ऐकाच. हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमिनीवरून हुसकावलेली, जहाजात बसून परदेशी गेलेली कुटुंबं, आणि १९८० च्या दशकात बंद पडलेले कारखाने, दोन्ही एकाच गाण्यात. बाथगेट, लिनवुड ही गावांची नावं ते एकेक करून घेतात. लिनवुडचा मोटार कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, बाथगेटचा ट्रकचा १९८६ मध्ये. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यावीत तशी ती ऐकू येतात.

१९९४ नंतर सात वर्षं नवा अल्बम नाही. मधल्या काळात वडील गेले. २००१ मध्ये परतले ते 'पर्सिव्हिअर' घेऊन. नेटाने टिकून राहा, हे लीथचं बोधवाक्य. पुढे अल्बम येतच राहिले, २०२२ पर्यंतचे मी सगळे ऐकलेत. सगळे सारखे चांगले नाहीत, पण उसना आवाज एकातही नाही.

आणि 'सनशाइन ऑन लीथ'. संथ, जवळपास भजनासारखं. लीथचा फुटबॉल क्लब हिबर्नियन, हे दोघेही त्याचे चाहते. क्लबने १९०२ नंतर स्कॉटिश कप जिंकलाच नव्हता. २१ मे २०१६ रोजी हॅम्पडेन पार्क मैदानावर अंतिम सामन्यात रेंजर्सविरुद्ध २-२ अशी बरोबरी, आणि अगदी शेवटी कर्णधार डेव्हिड ग्रेचा हेडर. ३-२! मैदानात घुसलेली गर्दी बाहेर काढेपर्यंत करंडक थांबला. मग हजारो लोकांनी हिरवे-पांढरे स्कार्फ डोक्यावर ताणून धरले आणि हे गाणं म्हटलं.

व्हिडिओ सहज सापडतो. आज रात्री तो बघा. पाचशे मैल उद्या ऐकलं तरी चालेल.